ओल उतरल्यानंतर

२६ जुलै २००५ची आठवण निघाली की आधी आकडा सांगितला जातो : सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. कुलाब्याला मात्र त्या दिवशी शंभर मिलिमीटरही पडला नव्हता. पण अशा पावसाचा खरा इतिहास पाणी ओसरल्यावर घराघरांत सुरू होतो.

विक्रोळीतल्या आमच्या तळमजल्यावरच्या खोलीत कमरेइतकं पाणी होतं. शेजाऱ्यांनी मिळून गाळ उपसला. भिंतींना आम्ही घाईने रंग दिला. दिवाळीआधीच त्याचे पोपडे निघाले. विटांनी प्यालेलं पाणी बाहेर येताना क्षारही आणतं. भिंतीला सुकायला महिने द्यावे लागतात.

कागद तेवढा वेळ देत नाही. दोन-तीन दिवसांत त्याला बुरशी धरते. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी आर्नो नदीच्या पुरात इटलीतल्या फ्लॉरेन्सचं राष्ट्रीय ग्रंथालय बुडालं, तेव्हा देशोदेशींच्या तरुणांनी चिखलातून ग्रंथ हातोहात बाहेर काढले. भिजलेली पुस्तकं वाचवण्याच्या आधुनिक शास्त्राला तिथूनच वेग आला. आम्हीही नकळत त्याच वाटेने गेलो : पानांमध्ये कोरे कागद घातले, उन्हाऐवजी सावली दिली, वीज आल्यावर पंखा लावला.

माझ्या कवितांची वही शाईने लिहिलेली. तिचं निळं पाणी झालं. अम्मीची हिशेबाची वही पेन्सिलीने लिहिलेली. तिच्यातलं अक्षर न् अक्षर राहिलं. साखर, रॉकेल, मुलांची फी, ईदच्या शेवया. आमच्या घराचा इतिहास विचाराल, तर मी तीच वही पुढे करतो.