स्वीट पीची कुळकथा

आश्विन लागला आणि पावसाचा जोर ओसरला, की पुण्या-नाशिकाकडील हौशी बागवानांच्या घरी एक लहानसा डबा फळीवरून खाली येतो. त्यात वाटाण्याहून बारीक, काळसर, टणक असे स्वीट पीचे बी असते. ते नेमके याच वेळी का पेरावयाचे, हे समजण्यासाठी तीनशे वर्षे मागे, भूमध्य समुद्रातील सिसिली बेटावर जावे लागते.

पालेर्मोजवळ मिसिल्मेरी येथे एका सरदाराची वनस्पतिवाटिका होती. तिची व्यवस्था फ्रान्सिस्को कुपानी या फ्रान्सिस्कन पंथाच्या साधूकडे असे. सन १६९९ मध्ये त्याने या रानवेलीचे बी इंग्लंडात एन्फील्ड येथे रॉबर्ट युव्हडेल नावाच्या विद्वान शाळामास्तरांकडे धाडले. वेलीचे फूल लहान, वरची पाकळी तांबूस जांभळी आणि बाजूच्या निळसर. रूप बेताचेच, परंतु सुगंध असा, की एक-दोन देठांनी खोली दरवळावी.

यानंतर पावणेदोनशे वर्षे या फुलात फारसा पालट झाला नाही. गुलाबी-पांढरे आणि असेच आणखी थोडे रंग काय ते निपजले. याचे कारण फुलाच्या रचनेत आहे. कळी उमलण्यापूर्वीच तिच्यातील पराग तिच्याच स्त्रीकेसरावर पडतो. मधमाशी येते तेव्हा कार्य उरकलेले असते. त्यामुळे संकर घडवावयाचा तर कोवळी कळी उकलून, चिमट्याने पुंकेसर काढून, दुसऱ्या फुलाचा पराग हातानेच लावावा लागतो. हे किचकट काम श्रॉपशायर परगण्यात हेन्री एकफर्ड या स्कॉटिश माळ्याने वर्षानुवर्षे चिकाटीने केले. त्याच्या हाती फूल मोठे झाले, रंग वाढले. सन १९०० मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये या फुलाच्या आगमनाचा द्विशताब्दी समारंभ झाला, तेव्हा मांडलेल्या २६४ प्रकारांपैकी ११५ एकट्या एकफर्डचे होते.

पुढच्याच वर्षी ऑल्थॉर्प येथील माळी सायलस कोल याने लाटांसारख्या मुरडलेल्या पाकळ्यांचे ‘काउंटेस स्पेन्सर’ हे भव्य गुलाबी फूल प्रदर्शनात मांडले आणि लोक वेडे झाले. जुने प्रकार मागे पडले. मात्र या थोरवीची किंमत बहुधा सुगंधाने चुकवावी लागली. नव्या भपकेदार प्रकारांपैकी अनेकांना कुपानीच्या ओबडधोबड फुलाइतका परिमळ नाही. प्रदर्शनातील परीक्षक डोळ्यांनी गुण देत गेले आणि नाकाचा हक्क बुडाला, हा या इतिहासातील न भरून आलेला तोटा होय.

तथापि मूळ सिसिलियन वेल बियाच्या पोटात जिवंत राहिली होती. विसाव्या शतकाच्या आरंभी केंब्रिज येथे बेटसन व पनेट यांनी पांढऱ्या फुलांच्या दोन वाणांचा संकर केला. संतती मात्र निघाली जांभळी! रंगासाठी दोन घटक आवश्यक. एका वाणात एक नव्हता, दुसऱ्यात दुसरा. दोघे एकत्र येताच पूर्वजांचा रंग परतला.

रंगाप्रमाणेच पेरणीचा काळही त्या बेटानेच ठरवून दिला आहे. सिसिलीत उन्हाळा कोरडा असतो. शरदात पाऊस आणि गारवा जोडीने येतात. तेव्हा बी रुजते, हिवाळ्यात वेल वाढते, वसंतात फुलते व उन्ह तापताच मरते. महाराष्ट्रात हे गणित बिघडते. येथे पाऊस ज्येष्ठात, उकाड्यासोबत येतो. तेव्हा पेरलेले बी कुजते, किंवा रोप उगवले तरी फुलण्याजोगे राहत नाही. म्हणून येथे मनुष्यानेच बी चार महिने कोरडे राखून शरदाची वाट पाहावयाची असते. पूर्व विदर्भातील शेतकऱ्याला हा काळ नवा नाही. धान उभे असतानाच तो बांधीत लाखोळी फेकतो, आणि लाखोळी तर स्वीट पीचीच लॅथिरस प्रजातीतील बहीण.

पेरण्यापूर्वी बी रात्रभर भिजवावे. जे फुगणार नाही त्याच्या सालीला, डोळ्याची बाजू टाळून, चाकूने किंचित टोचा द्यावा. दीड फूट खोल चर खणून तळाशी कुजलेले शेणखत घालावे व वर मातीत एक इंच खोल, सहा-सहा इंचांवर बी टोचावे. रोपाला पानांच्या तीन जोड्या आल्या की शेंडा खुडावा, म्हणजे बगलफांद्या फुटतात. तणाव्यांना जाड काठी धरता येत नाही, तुराट्या उत्तम. बहर आल्यावर फुले रोज कापावीत, कारण शेंग धरली की वेल फुलणे थांबवते.

फाल्गुनाच्या सुमारास खालची पाने पिवळी पडू लागतात. त्या वेळी पाणी वाढवून उपयोग होत नाही. वेलीचा उन्हाळा आलेला असतो. बियासाठी राखलेल्या शेंगा तपकिरी होताच काढाव्यात, नाहीतर पिळवटून फुटतात व बी चहूकडे उडते. हे बी विषारी असल्यामुळे, मुलांच्या हाती लागणार नाही अशा बेताने, कोरड्या डब्यात घालून आश्विनापर्यंत उंच फळीवर ठेवतात.