लॅटिनमध्ये ‘प्लीज’ कसं म्हणायचं?

हॅरोतल्या घरी जेवताना तुम्ही आजीला ‘कृपया मीठ दे’ म्हणालात, तर ती हसेल. ‘कृपया’ हा रेल्वे स्टेशनच्या पाटीवरचा शब्द. घरात आपण ‘जरा मीठ दे ना’ म्हणतो. त्या ‘जरा’ आणि ‘ना’मध्ये सगळी आर्जवं आली. तेच वाक्य डोक्यात ठेवून शाळेत इंग्रजीत मीठ मागा, लगेच उद्धट ठरता.

रोमन लोकही तुमच्या वर्गातल्या बाईंना उद्धटच वाटले असते. प्लॉटस (मृत्यू इ. स. पू. 184च्या सुमारास) आणि टेरेन्स (नाटकं इ. स. पू. 166 ते 160) यांच्या विनोदी नाटकांत लोक सतत एकमेकांना हुकूम सोडतात. ही नाटकं पद्यात आहेत, तरी बोलण्याची ढब त्यांत बरीच सापडते. तू-तुम्ही हा भेद नाहीच. गुलामही मालकाला ‘तू’ म्हणतो. मग आदब कुठे असते? अशाच छोट्या शब्दांत. ‘अमाबो’ म्हणजे शब्दशः ‘मी तुझ्यावर प्रेम करीन’. प्लॉटसकडे हा लाडीगोडीचा शब्द जवळजवळ फक्त बायकांच्या तोंडी येतो. ‘सिस’ म्हणजे मुळात ‘तुझी इच्छा असेल तर’. ऐकायला किती नम्र! पण दरडावतानाही हाच शब्द येतो: ‘कावे सिस’, म्हणजे सांभाळ हं. आपलं ‘जरा तोंड सांभाळून बोल’ आठवा. तिथला ‘जरा’ विनंतीचा नाही, धमकीचा आहे.

म्हणूनच शब्दकोशात ‘सिस = प्लीज’ एवढंच वाचून भागत नाही. कोण, कुणाला, कशासाठी म्हणतंय ते बघावं लागतं. रेडिंग विद्यापीठातल्या एलेनॉर डिकी यांनी लॅटिनमधल्या या ‘प्लीज’च्या शब्दांवर मुद्दाम काम केलंय.

इंग्लंडला हे संवाद फार आधीपासून हवे होते. 1534च्या सुमारास निकोलस उडॉलने टेरेन्सच्या नाटकांतली वाक्यं निवडून, इंग्रजी अर्थासह, लॅटिन बोलायला शिकवणारं पुस्तक काढलं. हाच उडॉल ईटनचा मुख्याध्यापक झाला. आता टेरेन्सची पात्रं कोण? म्हातारे बाप, उनाड मुलगे, लबाड गुलाम, गणिका. इंग्रज मुलं चांगलं लॅटिन बोलायला शिकली ती यांच्याकडून.

आणि खुद्द टेरेन्स? जुन्या चरित्रानुसार तो कार्थेजमध्ये जन्मला आणि रोममध्ये गुलाम होता. तसं असेल, तर लॅटिन बहुधा त्याच्या घरची भाषा नव्हतीच.