हाकेच्या टप्प्यातला रेडिओ
सातारा-सांगलीतील स्थानिक प्रसारण आणि राजकीय बोलणे : एक प्रस्तावना

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत राजकारणावर बोलायला जागा कधी कमी पडलेली नाही. देवळासमोरचा पार, चावडी, आठवडा बाजार, साखर कारखान्याची वार्षिक सर्वसाधारण सभा, दूध संकलन केंद्रापुढची सकाळची रांग, एसटीचा फलाट. या प्रत्येक ठिकाणचे बोलणे कथा-कादंबऱ्यांत आले, वर्तमानपत्रांत आले, संशोधन प्रबंधांतही आले. या बोलण्यात रेडिओचा वाटा किती, हा प्रश्न मात्र फारसा विचारला गेला नाही. रेडिओ म्हटले की गाणी, हवामान आणि बाजारभाव आठवतात. राजकारण आठवते ते दिल्ली-मुंबईच्या बातमीपत्रापुरते. त्या दुर्लक्षित वाट्याकडे वाचकांना नेणे, एवढाच या प्रस्तावनेचा हेतू आहे.

विषय किरकोळ वाटण्याचा संभव आहे. ज्या केंद्राचा आवाज दहा-पंधरा किलोमीटरच्या पुढे जात नाही आणि ज्याला स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगीच नाही, तिथे राजकीय चर्चा कसली, असे तुमच्या मनात आले तर ते स्वाभाविकच आहे. माझे म्हणणे इतकेच की या भागातला राजकीय रेडिओ पक्षांच्या आणि पुढाऱ्यांच्या नावांवरून शोधू नये. पाणी, चारा, रेशन, कर्ज आणि ग्रामसभा या विषयांत शोधावा. तसा शोधला तर तो भेटतो. आणि ज्या तोकड्या प्रक्षेपणाला आपण त्याची उणीव समजतो, त्यातच त्याचे बळ असल्याचे लक्षात येते.

आधी थोडी पार्श्वभूमी. आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग पूर्वी सातारा जिल्ह्यात होता. संस्थाने विलीन झाल्यावर १९४९मध्ये उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन जिल्हे झाले आणि १९६०मध्ये दक्षिण सातारा सांगली या नावाने ओळखला जाऊ लागला. म्हणून या दोन जिल्ह्यांचा राजकीय वारसा वेगळा काढता येत नाही. औंध संस्थानाने १९३९मध्ये गावपंचायतींच्या पायावर उभी असलेली राज्यघटना स्वीकारली; आटपाडीही त्याच संस्थानात होती. १९४२नंतर क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखालील प्रतिसरकारने गावोगाव न्यायनिवाडे केले. गावाचा कारभार गावासमोर उघड बोलून करायचा, ही सवय इथे रेडिओच्या आधीपासून होती.

त्याच १९४२च्या ऑगस्टमध्ये मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काँग्रेस रेडिओ हे भूमिगत केंद्र सुरू केले. नोव्हेंबरात पोलिसांनी ते पकडले. जेमतेम अडीच-तीन महिन्यांच्या या केंद्रामागे राममनोहर लोहिया होते. भूमिगत चळवळीतले त्यांचे सहकारी अच्युतराव पटवर्धन यांचा साताऱ्याच्या लढ्याशी निकटचा संबंध होता. सरकारला नको असलेला आवाज हवेतून लोकांपर्यंत पोचवता येतो, हे त्या पिढीने अनुभवले. स्वातंत्र्यानंतर मात्र हवेवरचा हक्क सरकारकडेच राहिला, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढची सगळी गुंतागुंत तिथून सुरू होते.

या विषयात पाऊल टाकणाऱ्याने सर्वांत आधी जिथे थांबावे, अशी घटना १९५६ची आहे. आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने शेतकरी श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. पुणे, अहमदनगर, नाशिक, कोल्हापूर आणि उत्तर सातारा या पाच जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावे त्यासाठी निवडली गेली. प्रत्येक गावात वीसेक जणांचे मंडळ आठवड्यातून दोनदा रेडिओभोवती बसे, अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐके आणि नंतर त्यावर आपसांत चर्चा करी. गावांचे प्रश्न आणि शंका पुण्याला जात आणि पुढच्या कार्यक्रमांत त्यांना उत्तरे मिळत. ऐका, चर्चा करा, कृती करा, असे या प्रयोगाचे सूत्र होते. दहा आठवड्यांत वीस कार्यक्रम झाले.

प्रयोगाचे मूल्यमापन टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतर्फे पॉल न्यूरथ यांनी केले. श्रोतृमंडळ असलेल्या गावांची तुलना त्यांनी नुसताच रेडिओ असलेल्या आणि रेडिओ नसलेल्या गावांशी केली. मंडळांच्या गावांत माहिती लक्षणीय वाढली, हा निष्कर्ष अपेक्षितच होता. आपल्या कामाचे निरीक्षण दुसरेच आहे. काही गावांत हे मंडळ पंचायतीला पूरक असे निर्णय घेणारे व्यासपीठ होऊ लागले होते. कार्यक्रमांत पक्षाचे नाव नव्हते, निवडणुकीचा उल्लेख नव्हता. विषय शेतीचे, आरोग्याचे, गावजीवनाचे होते. तरीही ऐकता ऐकता लोक गावाच्या कारभारावर बोलू लागले. या क्षेत्राचे बीज मला तिथे दिसते, आणि ज्या मातीत ते पडले तिच्यात सातारा होता याचा थोडा अभिमानही वाटतो.

१९६३मध्ये आकाशवाणीचे सांगली केंद्र सुरू झाले आणि पुढे साताऱ्यालाही आकाशवाणीचे एफएम केंद्र मिळाले. दक्षिण महाराष्ट्राच्या बोलीला, लोकसंगीताला आणि शेतीच्या प्रश्नांना या केंद्रांनी घर दिले. आटपाडी तालुक्यातल्या माडगुळ्याचे व्यंकटेश माडगूळकर पन्नासच्या दशकापासून अनेक वर्षे पुणे केंद्राच्या ग्रामीण कार्यक्रमांसाठी काम करत होते. माणदेशी माणसाच्या बोलण्याचा पोत जाणणारा लेखक सरकारी माध्यमात बसलेला असणे ही साधी गोष्ट नव्हती. मात्र आकाशवाणीची संहिता कडक होती. कोणत्याही पक्षावर नाव घेऊन हल्ला करायचा नाही, केंद्र किंवा राज्य सरकारवर वैरभावाने टीका करायची नाही. त्यामुळे शेतकऱ्याला कीड कशी मारावी हे सांगता येई. खताचे भाव का वाढले यावर भांडता येत नसे.

हवेवरचा हक्क सैल झाला तो ९ फेब्रुवारी १९९५च्या निकालाने. बंगालच्या क्रिकेट संघटनेच्या खटल्यात न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्यासह सर्वोच्च न्यायालयाच्या खंडपीठाने प्रसारणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सांगितले. शैक्षणिक संस्थांना सामुदायिक रेडिओची परवानगी २००२मध्ये मिळाली. २००६च्या धोरणाने ती स्वयंसेवी संस्था आणि कृषी विज्ञान केंद्रांनाही खुली केली. अटी अशा : प्रक्षेपणाची शक्ती साधारण १०० वॅट, निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून आणि शक्यतो स्थानिक बोलीत, आणि राजकीय स्वरूपाच्या बातम्या व घडामोडींना मनाई. खासगी एफएमलाही स्वतःच्या बातम्यांची मुभा नाही. २०११च्या धोरणाने त्यांना आकाशवाणीची बातमीपत्रे जशीच्या तशी ऐकवण्यापुरती सवलत दिली. परवाना देताना ज्याला स्थानिक म्हटले, त्याच्या तोंडावर राजकारणाच्या बाबतीत बोटही ठेवले, असा हा कायदा आहे.

या चौकटीत आपल्या दोन जिल्ह्यांत उभी राहिलेली दोन केंद्रे अभ्यासकाने आवर्जून पाहावीत. माण तालुक्यातल्या म्हसवडला २००८मध्ये माणदेशी तरंग वाहिनी सुरू झाली. चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने १९९७मध्ये स्थापन झालेल्या माणदेशी महिला सहकारी बँकेच्या कामाशी तिचे नाते आहे. जत तालुक्यातल्या जालिहाळला येरळा प्रोजेक्ट्स सोसायटीची येरळावाणी आहे. दोन्ही तालुके अवर्षणाचे. एका अंगाला माणदेशी बोली, दुसऱ्या अंगाला मराठीइतकीच कन्नड. इथे पाणी हा विषय काढला की राजकारण टाळताच येत नाही. टेंभू आणि म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांचे पाणी कोणत्या गावाला आधी, कोणाला नंतर, यावर इथल्या निवडणुका लढवल्या गेल्या. नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकाराने १९९३पासून आटपाडीत पाणी परिषदा भरल्या. जतच्या सीमेवरची गावे पाण्यासाठी कर्नाटकात जाण्याची भाषा बोलली. अशा मुलखात स्थानिक केंद्रावरून कुणी बाई हातपंप किती दिवस बंद आहे हे सांगते, तेव्हा नियमाच्या दृष्टीने ती माहिती असते आणि गावाच्या दृष्टीने तो जाब असतो.

शेजारी परदेशातली चित्रे ठेवली तर याचे वेगळेपण ठळक होते. अमेरिकेत वादग्रस्त प्रश्नाच्या दोन्ही बाजू मांडण्याचे बंधन १९८७मध्ये उठले. पुढच्याच वर्षी रश लिंबॉ यांचा राजकीय कार्यक्रम देशभरच्या केंद्रांना पुरवला जाऊ लागला. संगीताचा श्रोता एफएमकडे गेल्याने ओस पडलेल्या छोट्या एएम केंद्रांना हा तयार माल स्वस्तात मिळाला. प्रक्षेपण गावापुरते राहिले, आवाज मात्र दूरच्या शहरातला आला. उलट बोलिव्हियातल्या कथील खाणकामगारांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीपासून आपापल्या वस्त्यांत संघटनेची केंद्रे चालवली. पल्ला तोकडाच, पण बोलणारे आणि ऐकणारे एकाच खाणीत उतरणारे. आपल्याकडे ३ ऑक्टोबर २०१४पासून पंतप्रधानांची ‘मन की बात’ आकाशवाणीच्या जाळ्यावरून गावोगाव पोचते. वरून खाली येणारा आवाज आणि गावातून उठणारा आवाज यांचे प्रमाण काय, हा प्रश्न म्हणून आपल्यालाही लागू आहे.

मोकळीक दिली की सारे साधेल, असेही समजू नये. १९९३-९४मध्ये रवांडातल्या एका खासगी केंद्राने द्वेष पसरवून हत्याकांडाला खतपाणी घातले, हे जगाने पाहिले. सरकारांच्या मनातली धास्ती निराधार नाही. छोट्या केंद्राला छोट्या केंद्राचे धोकेही असतात. सरकारी जाहिराती हा उत्पन्नाचा मोठा आधार असेल तर काही विषय आपोआप मागे पडतात. तालुक्यातला वजनदार माणूस नाराज झाला तर त्याची झळ दिल्लीपेक्षा लवकर लागते. तरीही तोलून पाहता माझे मत लहान प्रक्षेपणाच्या बाजूने पडते. दहा किलोमीटरच्या वर्तुळात बोलणाऱ्याला उद्या त्याच बाजारात श्रोत्याला तोंड द्यावे लागते. खोटे बोलले तर ते त्याच दिवशी उघडे पडते. देशभर ऐकल्या जाणाऱ्या निवेदकावर असा वचक नसतो.

आता या अभ्यासाची वाट. वाचकांनी सुरुवात नकाशापासून करावी. एफएमची लहर जवळजवळ सरळ रेषेत जाते आणि डोंगर आडवा आला की अडते. महादेव डोंगररांगेच्या कोणत्या बाजूला गाव आहे, पाटण-शिराळ्याच्या खोऱ्यात वस्ती किती खोल आहे, यावर ऐकणे ठरते. मध्यम लहर जमिनीलगत दूर जाते, म्हणून सांगली केंद्राचा मध्यम लहरींचा श्रोता आणि म्हसवडचा श्रोता यांची वर्तुळे निराळी. मग नियम वाचावेत. काय बोलायला मनाई आहे हे कळल्याशिवाय निवेदकाने वळसा कुठे घेतला ते कळत नाही. त्यानंतर ऐकावे, तेही निवडक नव्हे, सकाळपासून रात्रीपर्यंत सलग. भजनानंतरची दोन वाक्ये, फोनवरची तक्रार, वैद्यकीय सल्ल्यात डोकावलेला आरोग्य केंद्राचा विषय, अशा जागी तुम्हाला हवे ते मिळेल.

ऐकून झाले की श्रोत्यांकडे जावे. फोन कोण करते आणि कोण कधीच करत नाही, रेडिओ घरात कुणाच्या हातात असतो, बायका काम करता करता काय ऐकतात, हे विचारावे. मग त्याच आठवड्याचे ग्रामसभेचे इतिवृत्त आणि ‘ऐक्य’, ‘पुढारी’, ‘सकाळ’ यांची स्थानिक पाने शेजारी ठेवावीत. एकच प्रश्न तिन्हीकडे कसा मांडला गेला, याची तुलना म्हणजे निम्मा अभ्यास झाला. भाषेची तयारीही हवी. माणदेशी बोलीतला टोमणा प्रमाण मराठीच्या कानाला स्तुती वाटू शकतो, आणि जतच्या पूर्वभागात कन्नड न येणाऱ्या अभ्यासकाने सोबत जाणकार घ्यावा.

एक व्यावहारिक सूचना शेवटी. सामुदायिक केंद्रांनी आपले कार्यक्रम प्रसारणानंतर तीन महिने जपून ठेवावेत, एवढेच बंधन नियमात आहे. त्यानंतर ते पुसले गेले तर कुणाला दोष देता येत नाही. १९५६च्या प्रयोगाबद्दल आपण आज बोलू शकतो, कारण त्या वेळी कुणीतरी गावोगाव जाऊन नोंदी केल्या. म्हणून कराड, विटा, दहिवडी आणि जत इथल्या महाविद्यालयांतील मराठी, राज्यशास्त्र आणि पत्रकारितेच्या शिक्षकांना विनंती आहे की त्यांनी जवळच्या केंद्राशी बोलून या ध्वनिमुद्रणांचा संग्रह सुरू करावा. वाचकांनीही आपल्या गावात ऐकू येणाऱ्या केंद्राचा एक आठवडा वही घेऊन ऐकावा. ते टिपण या अभ्यासाच्या उपयोगी पडेल.