सीनेची पलीकडची तड

केम म्हटलं की लोकांना कुंकू आठवतं. गावात कुंकवाचे कारखाने आहेत, आणि तिथून बाहेर पडणाऱ्या माणसाच्या बाह्यांवर, चपलांवर, सायकलच्या दांडीवर तांबूस थर बसलेला असतो. माझ्या मनात मात्र केमशी आणखी एक शब्द जोडलेला आहे: मोगलाई. करमाळा तालुक्याच्या पूर्व अंगाला सीना नदी वाहते आणि पलीकडे परांडा तालुका लागतो. सप्टेंबर १९४८ पर्यंत ती निजामाची हद्द होती. अलीकडे इंग्रजांचं सोलापूर, पलीकडे मोगलाई. जुनी माणसं एखाद्याबद्दल ‘तो मोगलाईत गेला’ असं म्हणायची. तो पळाला की त्याला पळवून लावला, हे त्या वाक्यातून कधी कळायचं नाही. तो आता आपल्याकडे नाही, एवढंच कळायचं.

कायद्याच्या कागदावर ‘हद्दपार’ असतं. पोलीस, वकील आणि चहाच्या टपरीवरची माणसं ‘तडीपार’ म्हणतात. तड म्हणजे काठ. आपण काम तडीस नेतो, ते याच काठाला. भीमेच्या काठचा मुलूख तो भीमथडी, हाही त्याच घरातला शब्द. तडीपार म्हणजे काठापलीकडे घातलेला. करमाळ्याच्या माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही, त्याचा काठ त्याला डोळ्यांनी दिसतो.

परदेशातून आलेल्या माणसाने गंभीर गुन्हा केला तर त्याला देशाबाहेर घालवावं का, यावर आज अमेरिकेत, इंग्लंडमध्ये, ऑस्ट्रेलियात निवडणुका लढवल्या जातात. प्रश्न नवा वाटतो, पण तो वेशीइतका जुना आहे. त्याचा मागोवा घ्यायचा तर ‘माग’ या शब्दापासूनच सुरुवात करायला हवी.

पेशवाई बुडाल्यावर १८१९ मध्ये एल्फिन्स्टन या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या कारभाराचा अहवाल लिहिला. गावात चोरी झाली की काय होतं, ते त्यात नोंदलेलं आहे. गावचा राखणदार चोराच्या पावलांचा माग काढत निघे. माग शिवेपर्यंत गेला की पुढच्या गावच्या राखणदाराला बोलावून त्याची खात्री पटवायची. पाऊल किती लांब, पायताणाला खिळे किती, ही मापं त्याच्या हवाली करायची. त्याने ती मान्य केली की पहिला सुटला आणि जबाबदारी दुसऱ्यावर आली. ज्या शिवारात माग हरवला, तिथल्या राखणदाराने चोरीची भरपाई करायची. त्याला झेपली नाही तर उरलेली गावाने.

या रीतीत जुलूमही होता. राखणदारीची कामं ज्या जातींच्या गळ्यात बांधलेली होती, त्यांच्याच घरातली भांडी भरपाईत जात. पण एक गोष्ट त्यात पक्की होती, आणि मला ती फार मोलाची वाटते. चोर शिवेपलीकडे गेला म्हणून कुणी हात झटकू शकत नव्हतं. पलीकडच्या माणसाला शिवेवर बोलावून, खिळे मोजून दाखवून, त्याच्या हाती माग द्यावा लागे.

इंग्रजांकडे समुद्र होता. त्यांनी काठ लांब नेला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबई इलाख्यातले कैदी मॉरिशसला आणि मलायाकडच्या वसाहतींना गेले, १८५८ पासून अंदमान उघडलं. वासुदेव बळवंत फडक्यांना एडनला धाडलं आणि १८८३ मध्ये तिथेच त्यांचा अंत झाला. काळं पाणी आपल्याला पाठ आहे. त्या पाण्यातून उलट दिशेनेही माणसं आली, हे मात्र आपण विसरतो. मलायाकडे शिक्षा झालेले चिनी आणि मलायी कैदी महाबळेश्वरला आणले जात. त्यांच्यासाठी तिथे तुरुंग होता आणि तो १८६४ पर्यंत चालला. या माणसांनी डोंगरउतारावर बटाटे आणि विलायती भाज्या पिकवल्या, वेताच्या टोपल्या विणल्या. तुरुंग मोडल्यावर काहीजण तिथेच राहिले. महाबळेश्वरच्या ‘चायनामन’ धबधब्याला नाव मिळालं ते तिथल्या चिनी लोकांच्या मळ्यांवरून.

म्हणजे कुणीतरी आपले गुन्हेगार ‘बाहेर’ घालवले, आणि ते बाहेर म्हणजे आपला सातारा जिल्हा होता. त्यांनी तिकडे काय गुन्हे केले होते, हे इथल्या कुणाला कळण्याचा प्रश्नच नव्हता.

रेल्वेने काठ पुन्हा जवळ आणला. दिक्सळहून बार्शी रोडपर्यंत, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपर्यंत, रूळ १८५९ मध्ये आले आणि केम त्याच मार्गावर आलं. माणूस सकाळी गुन्हा करून संध्याकाळी मुंबईच्या गर्दीत मिसळू लागला. मुंबई शहराच्या १९०२ च्या पोलीस कायद्यात आयुक्ताला अशा माणसाला शहराबाहेर काढण्याचा अधिकार होता. याच काळात काही अख्ख्या जमातींच्या बाबतीत सरकारने उलट टोक गाठलं. जन्माने गुन्हेगार ठरवून त्यांना तारेच्या कुंपणात कोंडलं, हजेरी लावली. सोलापुरात त्या वस्तीला आजही सेटलमेंट म्हणतात. गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये देशभरातून गेला. पण एका माणसाच्या कृत्याऐवजी त्याच्या जातकुळीकडे बोट दाखवण्याची खोड त्या कायद्याबरोबर गेली नाही. आज ‘बाहेरचे’ म्हणून बोट दाखवतो, तेव्हा तेच बोट असतं.

पुढे १९५१ चा मुंबई पोलीस कायदा आला. आजही महाराष्ट्रात तडीपारी होते ती त्याच्याच ५५, ५६ आणि ५७ कलमांखाली, जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी. अशी एक नोटीस मी हातात घेऊन वाचली आहे. वर जावक क्रमांक, खाली गुन्ह्यांचा तक्ता: गुन्हा रजिस्टर नंबर, कलम, ‘न्यायप्रविष्ट’. मग ते ठरलेलं वाक्य: साक्षीदार भीतीपोटी उघडपणे पुढे येण्यास तयार नाहीत. शेवटी हद्द. नुसता सोलापूर जिल्हा नाही, लगतच्या जिल्ह्यांतले तालुकेही एकामागून एक लिहिलेले. शाई पुसट होती, पण तालुक्यांची नावं ठळक केलेली होती. त्या यादीत नसलेला पहिला तालुका कुठला, हे मी नकळत शोधू लागलो. त्या माणसानेही तेच शोधलं असणार.

करमाळ्याचा प्रस्ताव कुर्डुवाडीच्या प्रांतांकडे जातो, सुनावणी होते, आदेश निघतो. आदेश मोडला तर दोन वर्षांपर्यंत कैद. गावाला खरोखर जाच असतो, हे नाकारता येणार नाही. ज्याच्या भीतीने साक्षीदाराची जीभ उचलत नाही, तो माणूस दोन वर्षं नजरेआड झाला की दुकानदाराला मोकळा श्वास घेता येतो. पण हे हत्यार सैलही चालतं. २०२१ मध्ये अमरावतीच्या एका कार्यकर्त्याची तडीपारी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. त्याने मदरशांच्या निधीतल्या गैरव्यवहाराविरुद्ध तक्रारी केल्या होत्या. जानेवारी २०२२ मध्ये जालन्याच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितलं, की तडीपारी हा असाधारण उपाय आहे आणि पूर्ण दोन वर्षं द्यायची तर त्याची कारणं नोंदवा.

नागरिकाला निदान एवढं भांडता येतं. परदेशी माणसाबाबत १९५५ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने हान्स म्युलर प्रकरणात म्हटलं, की त्याला देशाबाहेर घालवण्याचा सरकारचा अधिकार अमर्याद आहे. चार्ल्स शोभराजचं काय झालं ते पाहा. तिहार तुरुंगातून पळालेल्या या माणसाला एप्रिल १९८६ मध्ये मुंबई पोलिसांच्या मधुकर झेंडे यांनी गोव्यातल्या एका हॉटेलात पकडलं. थायलंडला तो खुनांच्या आरोपांत हवा होता, पण तो भारतीय तुरुंगात असतानाच तिथल्या वॉरंटची मुदत संपली. १९९७ मध्ये शिक्षा संपल्यावर भारताने त्याला फ्रान्सला पाठवलं आणि आपल्या बाजूने प्रकरण मिटलं. फ्रान्समध्ये तो मोकळा हिंडला. २००३ मध्ये काठमांडूत सापडला, तेव्हा १९७५ च्या खुनासाठी नेपाळने त्याला जन्मठेप दिली. २०२२ मध्ये नेपाळनेही त्याला सोडलं आणि पुन्हा फ्रान्सला पाठवलं. इतके देश, इतके काठ, आणि शिवेवर उभं राहून खिळे मोजून घेणारा कुणी नाही.

म्हणून माझं मत असं आहे. मोठ्या वयात दुसऱ्या देशात येऊन खून किंवा बलात्कार करणाऱ्याला परत पाठवण्याचा हक्क त्या देशाला असलाच पाहिजे. पण आधी तिथेच खटला, तिथेच पुरी शिक्षा, म्हणजे ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांना न्याय होताना दिसेल. आणि पाठवताना त्याचा सगळा कागद पलीकडच्या पोलिसांच्या हाती, सहीनिशी. दोन-तीन वर्षांचा असताना आईबापांच्या कडेवर आलेला, तिथल्याच शाळेत शिकलेला, तिथल्याच गल्लीत बिघडलेला मुलगा ही मात्र वेगळी गोष्ट आहे. तो त्याच मातीचा आहे. एल साल्व्हादोरच्या यादवीतून पळालेल्या कुटुंबांतली पोरं लॉस एंजेलिसमध्ये टोळ्यांत शिरली. नव्वदच्या दशकात अमेरिकेने त्यांना हजारोंनी परत पाठवलं, आणि लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवर जन्मलेल्या टोळीने त्या चिमुकल्या देशाचं पुढची अनेक वर्षं रक्त काढलं. ऑस्ट्रेलियाने २०१४ मध्ये कायदा कडक करून बारा महिने किंवा त्याहून जास्त शिक्षा झालेल्या परदेशी माणसांचे व्हिसा आपोआप रद्द करायला सुरुवात केली. त्यातून न्यूझीलंडला धाडलेल्या कित्येकांना तो देश लहानपणानंतर पाहिल्याचंही आठवत नव्हतं. त्या माणसांना तिथे नाव पडलं ‘पाचशे एक’, कायद्याच्या कलमावरून.

सीनेवर आता पूल आहेत. परांड्याचा माणूस केमला येऊन रेल्वे धरतो, केमचं कुंकू तुळजापूरच्या वाटेने मोगलाईत जातं, अजूनही काही म्हातारे तसंच म्हणतात. मी वाचलेल्या नोटिशीतला माणूस कुठे गेला, ते गावात कुणाला ठाऊक नव्हतं. तो पुण्याकडे गेला असं एकजण म्हणाला, दुसरा म्हणाला लातूरला. त्याच्या घरात म्हातारी आई होती. दर महिन्याला राहण्याचा पत्ता नजीकच्या पोलीस ठाण्यात कळवावा, असं आदेशाच्या कागदावर छापलेलं होतं, आणि त्याची घडी घालून तिने तो देव्हाऱ्यातल्या कुंकवाच्या करंड्याखाली ठेवला होता.