मुक्तीचा मोबदला कोणाला?

दीघनिकायातील सामञ्ञफलसुत्तात तथागतांनी पाच नीवरणांतून सुटलेल्या भिक्खूच्या आनंदाला काही उपमा दिल्या आहेत. त्यांपैकी एक उपमा ऋणमुक्त माणसाची, तर दुसरी दास्यमुक्त माणसाची आहे. दास पराधीन असतो, त्याला मनास येईल तिकडे जाता येत नाही. सुटका झाल्यावर तो ‘अत्ताधीन’ म्हणजे स्वाधीन होतो. ऋणमुक्त माणसाविषयी सांगताना मात्र तथागत एक लहानसा तपशील जोडतात. ऋण फेडूनही त्याच्यापाशी पत्नीच्या पोषणापुरते काही शिल्लक उरते. मुक्ती खरी केव्हा होते, याचे मर्म आम्हांस या दोन उपमा एकत्र वाचल्याने कळते. आधुनिक काळात गुलामगिरी कायद्याने रद्द झाली, तेव्हा मुक्त झालेल्या माणसाच्या हाती काय शिल्लक होते, हा प्रश्न याच दृष्टीने तपासण्याजोगा आहे.

प्रथम ब्रिटिश साम्राज्याचे उदाहरण घेऊ. १८३३ साली ब्रिटिश संसदेने गुलामगिरी रद्द करणारा कायदा संमत केला आणि १ ऑगस्ट १८३४ पासून तो अमलात आला. (ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यातील हिंदुस्थान या कायद्यातून वगळला होता, येथील गुलामीविषयीचा कायदा पुढे १८४३ साली झाला.) या कायद्यान्वये दोन कोटी पौंडांची नुकसानभरपाई मंजूर झाली. ही रक्कम त्या वेळच्या सरकारी वार्षिक खर्चाच्या सुमारे चाळीस टक्के होती. परंतु ती मिळाली कोणाला? ज्यांची मालमत्ता गेली असे मानले गेले, त्या मालकांना! सुमारे आठ लक्ष मुक्त स्त्रीपुरुषांस त्यातील एक पैही मिळाली नाही. उलट, ‘उमेदवारी’ या गोंडस नावाखाली त्यांना जुन्याच मालकांकडे आठवड्याचे ठरावीक तास बिनमोल राबावे लागले, आणि ही पद्धत १८३८ साली बंद पडली. भरपाईसाठी सरकारने कर्ज उभारले होते. त्या कर्जाची अखेरची फेड २०१५ साली झाली. म्हणजे कॅरिबियन बेटांतून ब्रिटनमध्ये जाऊन स्थायिक झालेल्या गुलामांच्या वंशजांनी भरलेल्या करांतूनही, त्यांच्या पूर्वजांच्या मालकांना दिलेल्या भरपाईचे कर्ज फेडले गेले. ‘ही फार जुनी गोष्ट झाली’ असे म्हणणाऱ्यांनी हे साल ध्यानात ठेवावे.

अमेरिकेतही आरंभ असाच झाला. १६ एप्रिल १८६२ रोजी राजधानी वॉशिंग्टनच्या जिल्ह्यातील गुलामगिरी रद्द झाली. संघराज्याशी एकनिष्ठ असलेल्या मालकांस प्रत्येक गुलामामागे सरासरी तीनशे डॉलरपर्यंत भरपाई देण्याची तरतूद त्या कायद्यात होती. मुक्त झालेल्या माणसासाठीही शंभर डॉलरपर्यंतची तरतूद होती. अट एवढीच की त्याने देश सोडून हैती, लायबेरिया अशा ठिकाणी निघून जावे. राबवून घेणाऱ्यास मोबदला आणि राबणाऱ्यास हद्दपारीचे भाडे, असा हा न्याय होता.

मुक्त झालेल्या लोकांना स्वतःला काय हवे होते, हे इतिहासाने नोंदवून ठेवले आहे. १२ जानेवारी १८६५ रोजी जॉर्जियातील सव्हाना शहरी जनरल शर्मन आणि युद्धमंत्री स्टॅन्टन यांनी वीस कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांची भेट घेतली. त्यांचे प्रवक्ते गॅरिसन फ्रेझर हे सदुसष्ट वर्षांचे होते आणि त्यांनी स्वतःची व पत्नीची सुटका एक हजार डॉलर मोजून विकत घेतली होती. आम्हांला जमीन मिळावी आणि ती स्वतःच्या श्रमाने कसता यावी, असे त्यांनी निःसंदिग्ध सांगितले. चारच दिवसांनी शर्मनचा पंधरा क्रमांकाचा हुकूम निघाला. दक्षिण कॅरोलिना, जॉर्जिया व फ्लोरिडा यांच्या किनारपट्टीवरील आणि बेटांवरील जमीन कुटुंबामागे चाळीस एकरांपर्यंत देण्याचे त्यात ठरले. त्या वर्षीच्या जूनपर्यंत सुमारे चाळीस हजार लोक त्या जमिनींवर वसले.

पण एप्रिलमध्ये लिंकन यांची हत्या झाली आणि अध्यक्षपदी आलेल्या अँड्र्यू जॉन्सन यांनी बंडखोर मालकांना माफी देऊन जमिनी परत करण्याचे धोरण स्वीकारले. ऑक्टोबर १८६५ मध्ये जनरल हॉवर्ड हे वृत्त घेऊन एडिस्टो बेटावर गेले. चर्चमध्ये जमलेल्या लोकांत असा क्षोभ उसळला की त्यांना बोलणे अशक्य झाले. जुन्या मालकांना क्षमा करा, असे हॉवर्ड यांचे सांगणे होते. त्यावर तेथील लोकांच्या समितीने जे लेखी उत्तर दिले, ते प्रत्येकाने मनन करावे असे आहे. त्याचा आशय असा: युद्धात आपला केवळ उजवा हात गेला, आपण कदाचित क्षमा करू शकाल, पण ज्याने मला झाडाला बांधून फटके मारले, माझ्या आईला व बहिणीला विवस्त्र करून झोडपले आणि जो आजही आपल्या अटींवर राबल्यावाचून मला रिकाम्या झोपडीतही राहू देत नाही, त्याला मी क्षमा कशी करावी?

येथे बौद्ध वाचकाच्या मनात एक शंका उद्भवेल. वैराने वैर शमत नाही, ही धम्माची शिकवण आम्ही जाणतो. मग एडिस्टोच्या लोकांचे म्हणणे धम्माशी विसंगत ठरते काय? आमच्या मते ठरत नाही. त्यांनी मालकाचा जीव मागितला नाही, जमीन मागितली. वैर सोडणे वेगळे आणि अपहारास मान्यता देणे वेगळे. जे दिलेले नाही ते घेणे म्हणजे अदिन्नादान. पिढ्यान्‌पिढ्यांचे श्रम मोबदल्याविना घेणे हे याहून निराळे काय आहे? तथागतांनी उपासकास वर्ज्य सांगितलेल्या पाच व्यापारांत माणसांचा व्यापारही आहे. तेव्हा मालकाला भरपाई देणारा कायदा वस्तुतः हे मान्य करतो की माणूस ही वैध मालमत्ता होती. ज्याचे चोरीला गेले त्याला सोडून, चोराच्या हातून जे सुटले त्याचीच किंमत त्याने चोराला मोजली.

पुढे पेन्शनच्या रूपाने भरपाई मागणारी चळवळही उभी राहिली. तिचे नेतृत्व करणाऱ्या कॅली हाऊस या स्वतः गुलामगिरीत जन्मलेल्या होत्या आणि कपडे धुऊन उदरनिर्वाह करीत. १८९० च्या दशकात नॅशव्हिल येथे त्यांनी संघटना उभारली. गुलामांनी पिकविलेल्या कापसावर सरकारने कर घेतला होता, त्यापोटी सुमारे सहा कोटी ऐंशी लक्ष डॉलर मिळावेत, असा दावा १९१५ साली दाखल झाला. सरकारवर त्याच्या संमतीविना दावा चालत नाही, या कारणास्तव तो फेटाळला गेला. १९१७ साली टपालाद्वारे फसवणूक केल्याच्या आरोपावरून कॅली हाऊस यांनाच तुरुंगात धाडण्यात आले. १९८८ साली, महायुद्धकाळी डांबलेल्या जपानी वंशाच्या अमेरिकनांपैकी हयात असलेल्यांस प्रत्येकी वीस हजार डॉलर देण्याचा कायदा झाला. परंतु गुलामगिरीच्या भरपाईचा केवळ अभ्यास व्हावा म्हणून १९८९ साली मांडलेले विधेयक पुनःपुन्हा मांडूनही संमत झाले नाही.

या इतिहासाशी आमचे नाते जुने आहे. महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी जनांस अर्पण केला. तेव्हा तेथील पुनर्रचनेचा काळ सरला नव्हता. मुक्त लोकांच्या बचतीसाठी स्थापन झालेली बँक पुढच्याच वर्षी बुडाली आणि १८७७ साली दक्षिणेतून संघराज्याचे सैनिक संरक्षण उठले. कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या बाबासाहेबांना या अपूर्णतेची पूर्ण जाण होती. १९४६ साली त्यांनी कृष्णवर्णीयांचे थोर विद्वान डु बॉईस यांना पत्र लिहून अस्पृश्य आणि कृष्णवर्णीय यांच्या स्थितीतील साम्य नमूद केले होते. महार वतनाचे १९२८ चे विधेयक असो की पुढे दादासाहेब गायकवाडांनी चालविलेला भूमिहीनांचा सत्याग्रह असो, त्यामागील विचार हाच होता की केवळ कायद्याच्या घोषणेने माणूस स्वाधीन होत नाही.

कूटदन्तसुत्तातील पुरोहित राजाला सांगतो की शेतकऱ्यास बी-बियाणे, व्यापाऱ्यास भांडवल आणि सेवकास वेतन द्यावे, म्हणजे राज्यात स्वास्थ्य नांदेल. सव्हानाच्या त्या वृद्ध उपदेशकाने हे सुत्त वाचले नव्हते. पण त्याची मागणी तीच होती. तो भीक मागत नव्हता, ऋण परत मागत होता. हे ऋण मान्य होत नाही, तोवर दास्यमुक्त माणूस स्वाधीन झाला, असे म्हणण्यास आम्ही तयार नाही.