वंशावळ-शोध (राजूर परिसर)

वंशावळ-शोध (राजूर परिसर) : अकोले तालुक्यातील राजूर व भोवतालच्या डांगाणात महादेव कोळी, ठाकर कुटुंबे आपल्या पूर्वजांचा जो माग काढतात तो. हौस कमी, निकड जास्त. जमातीच्या दाखल्याची पडताळणी करताना अर्जदाराला वंशावळ शपथेवर द्यावी लागते. २००१चा महाराष्ट्र अधिनियम २३ सिद्धतेचा भार त्याच्यावरच टाकतो. त्यामुळे ६ सप्टेंबर १९५०च्या, म्हणजे अनुसूचित जमातींच्या आदेशाच्या, आधीचा कागद घरोघर शोधला जातो.

कागद मिळतात ते शाळेच्या जनरल रजिस्टरात, फेरफारात आणि जन्ममृत्यूच्या गाव नमुना १४मध्ये, म्हणजे लोकांच्या तोंडच्या ‘कोतवाल बुका’त. जुने लेखन मोडीत असते. ‘बिन’ किंवा ‘वलद’पुढे बापाचे नाव येते, बाईच्या नावापुढे ‘कोम’ लिहून नवऱ्याचे. तिचे माहेर तिथेच पुसले जाते. आडनाव बहुधा नसतेच. सर्वांत मोठी अडचण जमातीच्या रकान्यात : लिहिणाऱ्याने नुसते ‘कोळी’ लिहून हात झटकलेले असतात आणि नातवाला त्या एका शब्दाचा खुलासा करत फिरावे लागते.

हे कागद लिहिले सारा, कर्ज आणि बंदोबस्त यांसाठी. देवगावचे राघोजी भांगरे यांना २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. इंग्रजांविरुद्धच्या बंडामुळे त्यांचे नाव सरकारी दप्तरात उरले; त्यांच्या काळच्या साध्या शेतकऱ्याचे क्वचितच सापडते. अमेरिकेतील कृष्णवर्णीय कुटुंबांचा अनुभव याहून कठोर आहे. १८५० व १८६०च्या गुलामांच्या याद्यांत मालकाचे नाव आहे, पण गुलामाचे बहुधा फक्त वय, लिंग आणि वर्ण. त्यांतील बहुतेकांची नावे प्रथम १८७०च्या जनगणनेत आली. शोध तिथेच अडतो, म्हणून पुढे मालकाची मृत्युपत्रे आणि विक्रीखते चाळावी लागतात.

राजूरकडे कागदाआधीचा आधार म्हणजे कूळ. कॅप्टन मॅकिंटॉश यांनी १८३६च्या सुमारास महादेव कोळ्यांची २४ कुळे नोंदवली. एका कुळात सोयरीक होत नसल्याने कुळाची आठवण लग्न ठरवताना दर पिढीत ताजी होत गेली. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्याही पाहण्याजोग्या आहेत. मात्र शोध घेणाऱ्याने तहसील कचेरीत जाण्याआधी घरातल्या सर्वांत वृद्ध बाईकडून माहेर आणि आजोळची नावे लिहून घ्यावीत. ‘कोम’च्या पलीकडची ती नावे दप्तरात मिळणार नाहीत.