तळटीप : ‘यांना कुठे उतरायचंय?’
बसमधल्या या प्रसंगात प्रश्न विचारला जातो सोबत्याला; पांढरी काठी घेतलेल्या प्रवाशाला नव्हे. मराठवाड्यातल्या घाटी या सरकारी रुग्णालयातून मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर अंधत्वाची टक्केवारी असते आणि २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने राखीव जागांसाठी किमान ४० टक्क्यांची अट घातली आहे. हा अपमान मात्र त्या कागदावर कुठेच नोंदला जात नाही. तो मोजण्यासाठी कोनोव्हर, इस्राएल आणि नायलुंड-गिब्सन या अमेरिकी संशोधकांनी २०१७मध्ये २० विधानांची मापनश्रेणी मांडली. तिचे चार भाग: असहाय समजणे, अपंगत्व किरकोळ ठरवणे, माणूस म्हणून न मोजणे, वेगळे पाडणे. तिसरा मला सर्वांत क्रूर वाटतो. त्यात शिवी नसते, म्हणून तक्रारही करता येत नाही. मराठवाड्यात ही श्रेणी वापरायची तर ‘गेल्या जन्मीचे भोग’ हा शेराही तिच्यात घ्यावाच लागेल. – संपा.